तुम्ही विचारलंत म्हणून: पिणाऱ्याशी बोलायला सर्टिफिकेट कशाला?

मी कॅलिफोर्नियात एका डीयूआय प्रोग्रॅममध्ये काउन्सेलर आहे. दारू पिऊन किंवा नशेत गाडी चालवताना पकडले गेलेल्यांना कोर्ट आणि डीएमव्ही (इथलं लायसन्स देणारं खातं) जे वर्ग पूर्ण करायला लावतात, ते मी घेते. मंडळाचा गणपती असो की पुण्याहून मावशीचा फोन, प्रश्न ठरलेला: ‘अगं, चार समजुतीच्या गोष्टी तर सांगायच्या असतात, त्याला सर्टिफिकेट कशाला?’

समजुतीच्या गोष्टी सांगायच्या नसतात, म्हणूनच लागतं. माझ्यासमोर येणाऱ्या माणसाला त्या गोष्टी बायकोने, आईने, वकिलाने आणि जज्जने सांगून झालेल्या असतात. आणखी एका तोंडून ऐकून त्याच्यात काही फरक पडणार नसतो.

आधी इथली पद्धत सांगते. पहिल्यांदा पकडलं गेलं आणि रक्तातलं अल्कोहोल ०.२० टक्क्यांच्या खाली असेल, तर साधारण ३ महिन्यांत ३० तासांचा प्रोग्रॅम. त्याहून जास्त निघालं किंवा टेस्टच नाकारली, तर ९ महिने, ६० तास. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर १८ महिने. खर्च ज्याचा त्याने करायचा. प्रोग्रॅम पूर्ण झाल्याचा कागद डीएमव्हीकडे गेल्याशिवाय लायसन्स पूर्ववत होत नाही.

आणि आमच्या बाजूने? मी सर्टिफिकेट घेतलं तेव्हा १५५ तासांचं वर्गातलं शिक्षण, कुणाच्या तरी देखरेखीखाली १६० तास प्रशिक्षण, वर २०८० तास कामाचा अनुभव, म्हणजे पूर्ण वेळ नोकरीचं एक वर्ष, आणि मग परीक्षा, एवढं सगळं होतं. दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी ४० तास पुन्हा शिकायचं. या तासांबद्दल कुरकुर करणारे सहकारी मला भेटतात. मला एकही तास फुकट गेलासा वाटत नाही.

कारण सांगते. गटात जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘दोनच घेतले होते.’ मी वाद घालत नाही. टेबलावर पाण्याची बाटली आणि त्यांच्या घरी असतो तसा ग्लास ठेवते आणि म्हणते, ‘एक भरा.’ ते भरतात. मग ते पाणी मापात ओतायचं. एकदा एकाचं शंभर मिलीच्या खुणेवर जाऊन थांबलं. (गटातल्या माणसांबद्दल ओळख पटेल असं काहीही मी कुठे लिहीत नाही, तो नियम आहे आणि मला तो प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटतो.) अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ४० टक्क्यांची व्हिस्की असेल तर जेमतेम ४४ मिली. आपल्याकडचा साठ मिलीचा लार्ज पेग म्हणजे जवळपास दीड ड्रिंक. त्या गृहस्थांचं ‘एक’ दोनाहूनही जास्त होतं. ते बराच वेळ मापाकडे बघत राहिले आणि मग स्वतःच बोटांवर हिशोब करायला लागले. मी काही बोलले नाही. त्या क्षणी गप्प बसणं मला शिकवलं गेलं होतं, आणि ते शिकायला फार वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही पद्धत याच पायावर उभी आहे. बदलण्याची कारणं काउन्सेलरने समोरच्याच्या गळी उतरवायची नाहीत, ती त्याच्याच तोंडून यायला हवीत.

मग दुसरा हिशोब येतो. रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण तासाला साधारण ०.०१५ टक्क्यांनी उतरतं. रात्री एक वाजता ०.१८ असेल तर सकाळी सात वाजता ०.०९ उरतं, म्हणजे गाडी चालवण्यासाठीच्या इथल्या ०.०८ च्या मर्यादेच्या वरच. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईवडिलांचे चेहरे हे ऐकताना उतरतात.

पण सर्टिफिकेटचं खरं मोल मला वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गात आलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो. कुणी एका लग्नात वाहवत गेलेला असतो, तर कुणाला सकाळी हात थरथरू नयेत म्हणून प्यावी लागते. दोघांचा गुन्हा एकच, गरज अगदी वेगळी. हा फरक ओळखता यायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्याला प्रेमापोटी आईची शपथ घालून ‘आजपासून बंद’ केलं, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचं असतं. आपल्या घरांत शपथा किती सहज घातल्या जातात! माया खरी असते, पण तेवढ्याने भागत नाही.

ओळखीतून फोन येतात, ‘आमच्या मुलाला तुझ्याच बॅचला घे ना.’ मी नाही म्हणते. ज्यांच्याकडे मी जेवायला जाते, त्यांच्या मुलाची काउन्सेलर मी होऊ शकत नाही. तो माझ्यासमोर खरं बोलणार नाही. व्हिसावर असलेल्यांना तर मी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायला सांगते, कारण डीयूआयच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

‘त्यापेक्षा सरळ आत टाका’ असंही काही जण म्हणतात. तो राग मला कळतो. १९८० मध्ये इथेच, कॅलिफोर्नियात, कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेली. तो माणूस आधीही पकडला गेलेला होता आणि दोनच दिवसांपूर्वी अशाच दुसऱ्या प्रकरणात जामिनावर सुटला होता. तिच्या आईने, कँडेस यांनी, त्यातून ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ उभी केली. शिक्षा हवीच. पण शिक्षा भोगून तो माणूस परत गाडीच्या किल्ल्या हातात घेणार आहे, आणि त्या संध्याकाळी तो काय करेल ते बदलायचं काम आमचं असतं.

महाराष्ट्राचा विचार येतो तेव्हा मला हळहळ वाटते. भारतातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी कडक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. समुपदेशनाचं मात्र त्या कलमात नाव नाही. आणि हे अशा राज्यात, जिथे डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, जिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच दुसऱ्यांना आधार देत आली आहेत! एकतीस डिसेंबरच्या नाकाबंदीत सापडलेला तरुण दंड भरून घरी जातो. त्याला अशा जाणत्या माणसांसमोर दहा आठवडे बसवलं तर? मला ही फार अवघड गोष्ट वाटत नाही.

तोवर, घरातल्या कुणासाठी काउन्सेलर शोधत असाल तर संकोच न करता विचारा: तुमचं प्रशिक्षण कुठे झालं, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, आणि दारू अचानक बंद केल्यावर त्रास सुरू झाला तर तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर आलं नाही, तर दुसरा माणूस शोधा.