मागच्या बाकावरचा हिशेब

सहावीपर्यंतच्या माझ्या प्रगतिपुस्तकांत एकच शेरा फिरून फिरून येतो : अभ्यासात लक्ष नाही. तसं लक्ष नव्हतंच. वर्गात झोप यायची, आणि प्रश्न विचारला की मी उभा राहून खाली बघायचो. सातवीत गणिताच्या बाईंनी त्या शेऱ्यामागे काय आहे ते शोधलं. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आमच्या गल्लीत घरटी माग नाहीतर विडी, बऱ्याच घरांत दोन्ही. शेजारच्या शेडमध्ये रात्रपाळीलाही खटखट चालू असायची. अम्मा विड्या वळायची, अक्का पानं कापून द्यायची, कट्टे बांधणं माझ्याकडे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजारावर. ते उरकून झोपायचं आणि सकाळच्या शाळेला हजर व्हायचं.

गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी संपली तरी मी शाळेत गेलो नाही, तेव्हा बाई घरी आल्या. रागवायला आल्या असतील म्हणून मी कोपऱ्यात सरकलो. त्या मात्र अम्माशेजारी जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या माझे हात बघत राहिल्या. मग सहज विचारलं, "७२० विड्या झाल्या तर रे?" मी मान वर न करता म्हणालो, "अठ्ठावीस कट्टे, वीस सुट्या." फळ्यावर भागाकार दिला की गप्प उभा राहणारा मुलगा तो हाच!

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं : हजार विड्यांत ४० छाट, तर शेकडा किती? कारखान्यात माल देताना खराब म्हणून बाजूला काढतात त्या विड्या म्हणजे छाट. वर्गातल्या निम्म्या पोरांना हे घरूनच ठाऊक होतं. बाईंनी माझं नाव घेतलं आणि खडू हातात धरून थांबल्या. पोरं खुसखुसली, कुणी उत्तर कुजबुजलं, त्याला त्यांनी नजरेनंच गप्प केलं. पुढच्या मुलाकडे वळल्या नाहीत. "चार," मी म्हणालो. शेकडेवारी मला त्या दिवशी समजली. गंमत म्हणजे हिशेब मी आधीपासून करतच होतो.

घरचा प्रश्न एवढ्यानं सुटणार नव्हता. "बाई, पोट कसं भरायचं?" असं अम्मानं विचारलं, तर बाईंनी तिला शहाणपण शिकवलं नाही. परीक्षेच्या आठवड्यात पोराला रात्री लवकर सोडा, एवढंच मागितलं. बाकीचा अभ्यास मधल्या सुट्टीत स्वतः बसून करून घेतला.

पुढे डी.एड.ला सेलिग्मन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७च्या प्रयोगाबद्दल वाचलं. विजेचा झटका काही केल्या टळत नाही असा अनुभव घेतलेले बरेच कुत्रे नंतर सुटायची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. वाचताना मला आमचा मागचा बाक दिसला. वर्षानुवर्षं चुकतच गेलं की मूल हात वर करणं सोडतं आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हे न वाचताच बाई थांबत होत्या.

आता मी अक्कलकोट तालुक्यात शिकवतो. मुलांच्या घरी कन्नड. गप्प बसणारं मूल दिसलं की आधी त्याच्या घरी जाऊन येतो : झोप किती होते, कुणाची भाषा कानावर पडते, हाताला कसलं काम आहे. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. काही मुलं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर निघून जातात आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांना जिथं सुटलं तिथूनच सुरुवात करून द्यावी लागते. त्यात महिने जातात, जाऊ द्यावेत.

महोत्सवानिमित्त आमच्या बॅचनं निधी जमवला आहे. तो दहावीत पहिल्या येणाऱ्याच्या बक्षिसासाठी ठेवावा असं ठरतं आहे. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी इथे नोंदवतो. पहिला येणारा बक्षिसाविनाही अभ्यास करेल. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१च्या प्रयोगात तर कोडी सोडवण्याचे पैसे मिळाल्यावर आणि मग ते थांबल्यावर विद्यार्थ्यांची त्या कोड्यांतली गोडीच कमी झाली. त्या पैशांतून शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी सहा ते नऊ उघड्या ठेवूया. दिवे, पाणी, मूठभर शेंगदाणे-गूळ आणि तेलुगू-कन्नड समजणारा एक शिक्षक, त्याला रीतसर मानधन देऊन. पहिले सहा महिने दर शनिवारी मी स्वतः येईन. मुख्याध्यापकांना तसं पत्र दिलं आहे. बॅचमधल्या ज्यांना पटेल त्यांनी त्यावर सही करावी.