बावीपासून साठ फूट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, परसातल्या जुन्या संडासापर्यंत जाता येणार नव्हतं. घरापासून तो चाळीस पावलांवर, वाटेत चार पायऱ्या, आणि पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ. म्हणून मागल्या पडवीला लागून कमोड असलेला संडास बांधायचं ठरलं. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, एका वाडीत. नवरा नोकरीला पुण्यात, त्यामुळे गावी सगळं बघायचं ते मी आणि अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी. संडासाची खोली बांधायला बारा दिवस लागले. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोय लावण्यात पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे.

गवंडीदादांचा बेत पहिल्याच दिवशी तयार होता. सेप्टिक टँकला आमच्याकडे सगळे म्हणतात तसं तेही ‘सेफ्टी टाकी’च म्हणतात. “वहिनी, दहा बाय सहा घेऊ, आठ फूट खोल. खाली कोबा करायचा नाही. तळाचे दोन थर चिरे सुटे लावायचे, दरजा भरायच्या नाहीत. बारा-बारा वर्षं टाकी भरत नाही. वाडीत कुणालाही विचारा.”

मी विचारलं. खरंच कुणाची भरली नव्हती. एका घरात तर वीस वर्षं झाकण उघडलं नाही असं कौतुकानं सांगितलं. अण्णांनाही बेत पटला, मलाही पटला.

दोन दिवसांनी बावीवर, म्हणजे विहिरीवर, पाणी शेंदत होते. ऑगस्टचे दिवस. आमच्या बावीचं पाणी मे महिन्यात पंचवीस फूट खाली असतं, ऑगस्टमध्ये ते पाच फुटांवर येतं. दोर हातात घेतला न घेतला तोच कळशी बुडते. माझं लक्ष पडवीकडे गेलं. टाकीची जागा बावीपासून अडतीस फुटांवर आखलेली होती. टाकी आठ फूट खोल. म्हणजे भर पावसाळ्यात तिचा तळ, ज्या पाण्यात माझी कळशी होती त्याच पाण्यात उभा राहणार. बारा वर्षं टाकी भरत नाही म्हणजे मैला नाहीसा होतो असं नाही. तो कुठेतरी जातो. आणि आमच्या उतारावर ‘कुठेतरी’ म्हणजे बाव.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाणी तपासायची छोटी बाटली मागून आणली. बाटलीत बावीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं आणि सावलीत ठेवायची. पाण्यात मैल्याकडून आलेले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायला गेले तर बाटली शाईसारखी काळी. नवीन टाकी अजून खणलीही नव्हती. हे जुन्या संडासाच्या कच्च्या खड्ड्यामुळे असणार असं वाटलं. आम्ही पाणी उकळून पितो, पण गाई-म्हशी, भाज्या धुणं, मुलीनं खेळता खेळता नळाला तोंड लावणं, हे सगळं त्याच पाण्यावर. त्या दिवशी मी गवंडीदादांना काम थांबवायला सांगितलं.

माझे एक मामा सार्वजनिक बांधकामात शाखा अभियंता होते. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “टाकी हा सोपा भाग आहे गं. टाकीत जड घाण तळाला बसते, तेलकट साय वर येते, मधलं पाणी पुढे जातं. पण ते पाणी शुद्ध झालेलं नसतं. शुद्ध करायचं काम पुढची माती करते. आधी माती शोध, मग टाकी आख.” भारतीय मानक आयएस २४७० याचे दोन भाग त्यांनी पाठवून दिले. पहिल्यात टाकी कशी असावी ते आहे, दुसऱ्यात टाकीतून निघणारं पाणी कसं जिरवायचं ते. दुसऱ्या भागातला एक आकडा मी भिंतीवर लिहून ठेवला : पाणी जिरवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट.

मग मी टेप घेऊन आगरात फिरले. आमच्या बावीपासून साठ फूट मोजले की जागा मिळत होती ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला. तिथं खूण केली आणि पलीकडे बघितलं तर शेजारच्या काकूंची बाव पंचेचाळीस फुटांवर. आपल्या बावीपासून लांब नेऊन दुसऱ्याच्या बावीजवळ सोडायचं, हे काही मनाला पटेना. काकूंना बोलावलं, दोघींनी मिळून दोन्ही बावींपासून टेप धरला. शेवटी सुपारीच्या वरच्या टप्प्याला एक पट्टा मिळाला. आमच्या बावीपासून बहात्तर फूट, काकूंच्या बावीपासून सहासष्ट, आणि ज्याचा उतार दोन्हींपैकी कुठल्याच बावीकडे येत नाही असा.

आता माती. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मातीच्या तपासणीनं. पद्धत साधी आहे. जेवढ्या खोलीवर पाणी जिरवायचं तेवढ्या खोलीचा वीतभर-दीड वीत रुंदीचा खड्डा घ्यायचा, बाजू खरवडायच्या, तळाला दोन बोटं खडी टाकायची आणि पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी पाणी पंधरा सेंटीमीटरवर आणायचं आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजायचं.

आम्ही दोन ठिकाणी खड्डे केले, एक पडवीजवळ गवंडीदादांच्या जागी, एक वरच्या पट्ट्यात. पडवीजवळ दीड फुटावरच जांभ्याचा कातळ लागला. त्यात बादलीभर पाणी ओतलं तर मी घड्याळाकडे बघून मान वर करेपर्यंत ते गेलं. दुसरी बादली, तीही गेली. “बघा, कसं पितंय!” गवंडीदादा खूश झाले. मी गुडघ्यावर बसून आत बॅटरी मारली. कातळात बोट जाईल एवढी बिळं होती, एकातून दुसऱ्यात निघालेली. जांभा असाच असतो, सच्छिद्र, फटींचा. पाणी मातीतून हळूहळू झिरपत नव्हतं, नळीतून जावं तसं सरळ खाली जात होतं. ज्या जागेला सगळे चांगली म्हणत होते ती मैल्याच्या पाण्यासाठी सर्वात वाईट जागा होती, कारण तिथं पाण्याला गाळणारं काहीच नव्हतं.

वरच्या पट्ट्यात मात्र तांबडी माती चार फुटांपर्यंत होती. तिथं मी खराट्याच्या काडीवर खुणा करून ती पाण्यात उभी केली आणि अण्णा मोबाइलमधलं घड्याळ घेऊन बसले. अर्ध्या तासात पाणी अडीच सेंटीमीटर उतरलं. गवंडीदादांना ते कमी वाटलं. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, छान आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ३७ लिटर पाणी माती घेते. मग हिशोब मांडला. रोजची माणसं चार, पण गणपतीला चौदा. माणशी पस्तीस लिटर धरले तर गणपतीत दिवसाला ४९० लिटर. त्याला तेरा चौरस मीटर जागा हवी. म्हणून तीस-तीस फूट लांब आणि अडीच फूट रुंद असे दोन उथळ चर ठरले. यात मोरीचं आणि न्हाणीघराचं पाणी धरलेलं नाही. ते आधीपासून केळींना जातं, तसंच ठेवलं. साबणाचं आणि फिनेलचं पाणी टाकीत फार गेलं तर मैला कुजवणाऱ्या जंतूंना अपाय होतो.

एकच खोल शोषखड्डा का नाही, दोन शोषखड्ड्यांचा संडास का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. दोन खड्ड्यांचा संडास चांगलाच आहे, स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून त्याचाच आग्रह आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातलं खत होऊ द्यायचं. अण्णांना तर अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण आली. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, तेव्हा कोकणात हा विषय कुणी तोंडातही घेत नसे. पण जिथं पावसाळ्यात पाणी जमिनीजवळ येतं तिथं कुठलाही खोल खड्डा पाण्यात बुडतो. आम्ही भर ऑगस्टमध्ये वरच्या पट्ट्यात पहारीनं भोक पाडून बघितलं होतं. तिथं पाणी साडेसहा फुटांवर लागलं. चर दोन फुटांचा ठेवला तर खाली साडेचार फूट कोरडी जमीन राहते. हे मेमध्ये बघितलं असतं तर कधीच कळलं नसतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, कोकणात ही मोजणी भर पावसातच करा.

दिवाळीनंतर खोदकाम सुरू झालं. टाकी दहा माणसांच्या मापाची घेतली : आतून दोन मीटर लांब, नव्वद सेंटीमीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर चाळीस, वर एक फूट मोकळं. गवंडीदादांच्या बेतापेक्षा कितीतरी लहान. आत आडवी भिंत घालून दोन कप्पे केले, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप, दोन्हींना ‘टी’ आकाराचे जोड लावले आणि बाहेरचा पाइप पाच सेंटीमीटर खाली ठेवला. पाखाडीतून, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेतून, जेसीबी येत नाही, त्यामुळे पहार आणि टिकावानं तिघांना सहा दिवस लागले. तळाला सहा इंच काँक्रीट, चिऱ्याच्या भिंतींना आतून-बाहेरून गिलावा. चिरा पाणी पितो, नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर भरवसा ठेवून चालत नाही.

टाकीची जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघितली. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला सक्शनची गाडी लागणार आणि ती रस्त्याच्या वळणापर्यंतच येते. तिचा पाइप पोचेल अशा अंतरावर टाकी घेतली. माणसाला आत उतरवायचं नाही, हे मी गवंडीदादांना दोनदा सांगितलं. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच आहे. टाकीतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही.

गिलावा वाळल्यावर टाकी पाण्यानं भरली आणि कोळशानं रेघ मारली. गवंडीदादांना हे अपमानासारखं वाटलं असावं, ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या दोन इंच खाली. त्यांनी स्वतः आत वाकून, बोटानं चाचपत, पाइपाच्या भोवतीची फट शोधली. टाकी रिकामी केली, फट फोडून पुन्हा भरली, पुन्हा गिलावा. दुसऱ्या वेळेला पाणी रेघेवरच राहिलं. तेव्हा तेच मला म्हणाले, “वहिनी, आता पुढच्या कामाला पण मी असं भरून बघणार.”

चरांचं काम पटकन झालं. तळाला धुतलेली खडी, त्यात भोकं पाडलेला पाइप, वर पुन्हा खडी, माती आत घुसू नये म्हणून भाताचा पेंढा आणि वरून माती. वरच्या अंगाला पागोळ्यांचं आणि डोंगराचं पाणी वळवायला एक लहान पाट काढला. वरती कर्दळ लावली. खाण्याचं काहीही लावलं नाही. टाकीच्या हवेच्या पाइपाला डास जाऊ नयेत म्हणून जाळी बांधली. वापर सुरू करायच्या आधी टाकीत पाणी भरून घमेलंभर कुजलेलं शेण टाकलं, मैला कुजवणारे जंतू लवकर वाढावेत म्हणून. एकूण खर्च ऐंशी हजारांच्या आत राहिला. संडास आधीच असल्यानं बारा हजारांचं सरकारी प्रोत्साहन आम्हाला लागू नव्हतं. जुन्या कच्च्या खड्ड्यात चुना टाकून तो मातीनं भरून टाकला.

पुढच्या जुलैत पुन्हा बाटली आणली. पुन्हा काळी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एवढं सगळं करून काय मिळालं असं आईंना म्हणाले. आई काठी टेकत बावीपर्यंत आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे बघ, पाऊस पडला की अंगणातलं पाणी इथूनच आत जातं.” बावीभोवतीचा ओटा एका बाजूला तडकला होता आणि गुरं तिथंच पाणी प्यायची. जे बाहेरून दिसत होतं ते मी वर्षभर बघितलंच नव्हतं, माझं लक्ष सगळं जमिनीखाली.

ओटा नव्यानं केला, उतार बाहेर दिला, गुरांची पाणी प्यायची डोणी गडग्याजवळ हलवली, बावीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं. तीन आठवड्यांनी, गणपती झाल्यावर, घरात चौदा माणसं पाच दिवस राहून गेल्यानंतर, तिसरी बाटली भरली. या वेळी शेजारच्या काकूंच्या बावीचीही एक. दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी आई माझ्याआधी उठल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या, एकेक बाटली उजेडात धरून बघत. दोन्ही बाटल्यांतलं पाणी भरलं त्या दिवशी जसं होतं तसंच होतं.