नफ्यातला शेअर: पोत्यापोत्याने की एकदाच?

आमच्या घरचे सोयाबीन एका दिवसात कधीच विकले गेलेले नाही. अण्णा दिवाळीला काही पोती लातूरच्या मोंढ्यात नेतात, वेळा अमावस्येच्या सुमारास आणखी काही नेतात आणि उरलेली पेरणीच्या तोंडावर काढतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास, म्हणजे नव्या हंगामासाठी जाहीर झालेल्या 3950 रुपयांच्या हमीभावाच्या अडीचपट झाला, तेव्हा घरात अवघी सहा पोती शिल्लक होती. ती सगळी काढून टाकावीत असे मी सुचवले, तर अण्णा म्हणाले, "समदं एकदाच कशाला इकायलास? अजून चढंल की." तीन पोती विकली, तीन ठेवली. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल बाजारात येऊ लागला आणि दिवाळीच्या आधीच भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

शेअर बाजारात आलो तेव्हा हीच सवय मी सोबत घेऊन आलो, आणि ती शहाणपणाची आहे असे बरीच वर्षे समजत राहिलो. 2023 मध्ये एका लहान कंपनीचे 400 शेअर मी 180 रुपयांना घेतले. भाव 200 झाल्यावर 100 विकले, 215 ला 100 आणि 230 ला आणखी 100. शेवटचे 100 शेअर 362 रुपयांना गेले. सगळे मिळून नफा 28,700 रुपये झाला. चारशेच्या चारशे अखेरपर्यंत ठेवले असते तर तो 72,800 झाला असता. (घरी अर्थातच मी फक्त शेवटच्या शंभरांची गोष्ट सांगितली.) तरीही ही हळहळ मला पुरेसा पुरावा वाटत नाही, कारण पुढे काय झाले हे कळल्यानंतर मांडलेल्या हिशेबात कोणीही हुशार ठरतो. मला खरी चूक दिसली ती त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका शेअरमध्ये. 150 ला घेतलेले 400 शेअर मी 118 ला विकले, आणि तेही चारशेच्या चारशे एकदाच. म्हणजे तोटा मी पूर्ण मालावर सोसला होता आणि मोठा नफा मात्र पाव मालावर घेतला होता. टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि प्रॉफिट बुकिंगचे, म्हणजे नफा दिसताच विकून तो पदरात पाडून घेण्याचे, कौतुक करणारे त्याच्याविषयी फारसे बोलत नाहीत.

मात्र हा आक्षेप नेहमीच निर्णायक ठरतो असेही नाही. समजा, 500 रुपयांचे 100 शेअर घेतले, स्टॉप लॉस (भाव तिथवर पडला की तोटा सोसून विकायची पातळी) 480 वर आणि लक्ष्य 560 वर ठेवले. असे दहा सौदे झाले. त्यांपैकी चार लक्ष्यापर्यंत पोहोचले, दोन 520 ला स्पर्श करून 480 पर्यंत घसरले आणि चार सरळ खाली गेले. सगळा माल एकदाच विकणाऱ्याला 24,000 मिळतात, 12,000 जातात आणि हातात 12,000 राहतात. जो 520 ला निम्मा माल विकून उरलेल्याचा स्टॉप लॉस खरेदीच्या भावावर आणतो, त्याच्याकडे 10,000 राहतात. आता आकडे थोडे बदलून पाहू. लक्ष्य गाठणारे तीन, 520 वरून माघारी फिरणारे चार आणि सरळ पडणारे तीन असले, तर पहिल्याकडे केवळ 4,000 उरतात आणि दुसऱ्याकडे 10,000. म्हणजे निकाल स्वभावावर किंवा धाडसावर ठरत नसून, आपण निवडतो त्या प्रकारचे शेअर अर्ध्या वाटेवरून किती वेळा परततात यावर ठरतो. एवढे खरे की स्टॉप लॉस खरेदीच्या भावावर आणल्यामुळे काही चांगले शेअरही हातातून निसटतात, त्यामुळे प्रत्यक्षात दुसऱ्याचा हिशेब याहून थोडा वाईटच निघतो.

ही मोजणी करण्यासाठी मी माझी दोन वर्षांची वही उघडली. माझे बहुतेक सौदे तीन-चार महिन्यांचे, चढत्या भावाच्या शेअरमधले असतात, आणि त्यांत अर्ध्या वाटेवरून परतणारे माझ्या भीतीपेक्षा बरेच कमी निघाले. त्यामुळे आता मी भाव चढेल तसा स्टॉप लॉसही वर सरकवत जातो (याला ट्रेलिंग स्टॉप लॉस म्हणतात) आणि तो लागला की सगळा माल एकदाच काढतो. शिखरापासूनचे आठ-दहा टक्के त्यात जातात, ते मी धरूनच चालतो.

खर्चाची बाजू छोटी आहे. डीपी चार्ज, म्हणजे शेअर ज्यात असतात त्या डीमॅट खात्यातून ते काढण्याचे शुल्क, एका कंपनीच्या विक्रीवर दिवसाला एकदा लागतो, मग शेअर दहा असोत की हजार. चार दिवसांत चार तुकडे विकले की तो चारदा भरावा लागतो, जसे सहा पोत्यांसाठी टेम्पोच्या तीन खेपा केल्या की भाडे तीनदा द्यावे लागते. फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, एकच लॉट (ठरलेल्या संख्येचा किमान गठ्ठा) असेल तर अर्धा विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अण्णा हप्त्याहप्त्याने विकतात त्याला भावाखेरीज दुसरे कारण आहे, हे मला उशिरा उमगले. त्यांना पैसाच हप्त्याहप्त्याने लागतो: दिवाळीला मजुरीची उधारी, मग घरखर्च, जूनमध्ये खत. माझ्या सौद्यांमागे असे कारण क्वचितच असते. तरी ज्या शेअरमध्ये दिवसाची उलाढालच थोडी आहे तिथे माझ्याच विक्रीने भाव पाडून घेण्यापेक्षा मी दोन-तीन दिवस घेतो. करासाठीही थांबतो, कारण 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे आणि वर्षानंतर तो 12.5 टक्के होतो, शिवाय असा 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो. डीमॅटमध्ये आधी घेतलेला शेअर आधी विकला गेला असे धरतात. सध्या माझ्याकडे एकाच कंपनीचे दोन तारखांना घेतलेले शेअर आहेत. पहिल्या खेपेचे वर्ष भरले आहे, दुसरीचे भरायला पाच आठवडे बाकी आहेत. पहिली खेप सोमवारी विकणार आहे आणि दुसरीचा स्टॉप लॉस होता तिथेच ठेवणार आहे.