पाळीचा दुसरा दिवस आणि तुतारीचं तिकीट: चिपळूण ते परळ

कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मूल होत नाही म्हणून मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि मला फोनवर सांगितलं गेलं होतं, "पाळीच्या दुसऱ्या दिवशी या." माझी पाळी कधी ३८ दिवसांनी यायची, कधी ५२, एकदा तर ७४. चाकरमान्यांना गणपती कधी आहेत ते निदान कालनिर्णयात तरी बघता येतं. मी काय बघणार?

म्हणून आधीच सांगते, चिपळूण-रत्नागिरीकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पहिल्या भेटीला दुसरा दिवस लागत नाही. कोणत्याही दिवशी जा. मागच्या सहा-आठ महिन्यांच्या पाळीच्या तारखा, जुने रिपोर्ट आणि नवरा, एवढं बरोबर न्या. हे मला कळलं नाही म्हणून मी तीन महिने 'बरोबर तारीख जमली की जाऊ' करत घरीच बसले. आणि त्याआधी दोन वर्षं 'होईल गं' ऐकत बसले होते ती वेगळीच. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर वाट पाहा, पुढे असेल तर सहा महिने, असं सांगतात. पण ते पाळी नियमित असणाऱ्यांसाठी. पाळीच ३५ दिवसांच्या पलीकडे जात असेल तर वर्ष मोजत बसू नका.

तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला सोडते. तिथून धीम्या लोकलने पुढचंच स्टेशन परळ. पालिकेचं केईएम रुग्णालय, वाडिया प्रसूतिगृह आणि आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्यासारखी. माझी मावशी लालबागच्या चाळीत राहते. केईएमबद्दल ती घरच्या माणसासारखं बोलते: "८६ साली टेस्ट ट्यूब बेबी इथंच झाली गो, आमच्या शेजारी!" आम्ही शेवटी पालिकेच्या रुग्णालयात गेलो. त्याआधी दादरच्या एका चकचकीत सेंटरमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. माझा थायरॉइड बघितलेला नाही, नवऱ्याची एकही तपासणी नाही, आणि पंधराव्या मिनिटाला समोर आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजचा कागद. आयव्हीएफ वाईट असं मी म्हणत नाही, कुणाला ते लागतंच. पण अंडं वेळेवर तयार होत नसेल तर आधी गोळ्यांची पायरी असते, ती न सांगता कुणी वरच्या मजल्यावर नेत असेल तर उठून या.

पालिकेत पैसे कमी आणि दिवस पूर्ण जातो. केसपेपरच्या रांगेत सकाळी आठच्या आत उभं राहायचं. चप्पल सपाट, डब्यात काहीतरी, आणि फाइल स्वतःची. कागद हरवला तर कुणी शोधून देत नाही. जूनच्या पुढे जाणार असाल तर पाऊस बघा, हिंदमाताला पाणी भरलं की टॅक्सीवाला तुम्हाला उतरवून निघून जातो.

तपासण्यांत माझी एक फजिती झाली. रात्रभर स्लीपरमध्ये डुलक्या घेत आले आणि उतरल्या उतरल्या रक्त दिलं. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं निघालं. त्या संध्याकाळी मी मोबाइलवर काय काय वाचलं ते सांगत नाही. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "झोपला होतात का?" जागरण, ताण, नुकतीच झोपेतून उठलेली असणं, या सगळ्याने प्रोलॅक्टिन वर जातं. दोन दिवसांनी, नीट झोपून, उठल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा दिलं तर व्यवस्थित आलं. तेव्हा गाडीतून थेट लॅबमध्ये जाऊ नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी) कधीही चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं बंधन मुख्यतः एफएसएच-एलएचला, म्हणजे अंडं वाढवणाऱ्या आणि फोडणाऱ्या हार्मोन्सना.

सोनोग्राफीची दुसरी फजिती. चिपळूणला सवय 'पाणी पिऊन या'ची, म्हणून दादरपासून लिटरभर पाणी प्यायले. आत गेले तर सिस्टर म्हणाल्या, "आतून करायचीय, लघवीला जाऊन या." आतून असेल तर मूत्राशय रिकामं लागतं. नंबर लावतानाच विचारा. रिपोर्टमध्ये दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक ठिपके, पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम). नवऱ्याने 'सिस्ट' शब्द वाचून ऑपरेशनचंच विचारलं. त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश असतात, असं डॉक्टरबाईंनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं.

नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच खेपेत उरकली. आधीच्या वीर्यपातानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे गाडीत बसायच्या आधीपासून हिशेब ठेवायचा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. चाळ तशी जवळ होती, पण संडास मजल्यावर सामाईक, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. रुग्णालयात खोली असते, लाजू नका.

आता तारखेचं कोडं. डॉक्टरबाईंनी लघवीची गरोदरपणाची चाचणी करून, ती निगेटिव्ह आल्यावर, पाळी आणण्यासाठी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की साधारण आठवड्याच्या आत पाळी येते. म्हणजे पहिल्यांदाच माझ्याकडे तारखांचा एक टापू आला! त्या टापूत दोन तिकिटं काढली, एक रद्द केलं. हाच उपाय सगळ्यात कामाला आला. परतीचं मात्र चुकलं. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शनिवारी रात्री निघायचं तर तिकीट रविवारचं. आम्ही शनिवारचं काढलं होतं, गाडी आदल्या रात्रीच गेलेली. दिवस मोजण्यात तरबेज झालेली बाई मी, आणि हे!

गोळी मिळाली लेट्रोझोल, दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. मावशीच्या घरी काकांनी चष्मा लावून आतला कागद वाचला आणि गप्प झाले. स्तनाच्या कर्करोगावरचं औषध, असं लिहिलेलं. ते खरंच मूळचं त्याचंच औषध. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदीही आली होती, २०१७ मध्ये ती उठली, आणि आज पीसीओएसमध्ये अंडं तयार होण्यासाठी पहिली गोळी म्हणून तीच देतात. हे डॉक्टरांना विचारल्यावर कळलं. तुम्ही कागद वाचून घाबरण्याआधी विचारा. जुळ्यांची शक्यता थोडी वाढते, हेही विचारा.

मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजकोश किती वाढला ते बघणं. पाळीच्या दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. बीजकोश वाढायला लागला की रोज साधारण २ मिमीने वाढतो, १८-२० च्या पुढे गेला की फुटायच्या बेतात. पहिल्या महिन्यात अडीच मिलिग्रॅमने सोळाव्या दिवसापर्यंत १० च्या वर काही गेलंच नाही. त्या सोनोग्राफ्या मी चिपळूणलाच केल्या आणि रिपोर्ट पुढच्या खेपेला नेले. यासाठी दर दोन दिवसांनी मुंबई गाठायची गरज नाही, लेखी विचारून घ्या कोणत्या दिवशीची हवीय. अंडं फुटायची वेळ सांगणाऱ्या, घरी वापरायच्या एलएच पट्ट्यांवर पैसे घालवू नका, पीसीओएसमध्ये त्या उगाचच 'हो' म्हणत राहतात.

दुसऱ्या महिन्यात पाच मिलिग्रॅम. या वेळी लालबागलाच राहिले. तेराव्या दिवशी १५, पंधराव्याला १९. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता दोन-तीन दिवस एकत्र राहा, अंडं फुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. एकत्र कुठे राहणार? दहा बाय बाराची खोली, त्यात मावशी, काका आणि आम्ही. नवरा चिपळूणहून रजा टाकून आलेला, दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खात आम्ही लॉजचे दर बघत होतो. घरी आलो तर मावशी पिशवी भरून तयार. "आम्ही दोघं डोंबिवलीला जातो लेकीकडे. परवा येऊ. दूध फ्रिजमध्ये आहे, कुकरची शिट्टी सैल झालीय, बघून लाव." माझ्याकडे न बघता जिना उतरली.

सतराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत अंडं फुटलेलं दिसलं.

दिवस नाही राहिले. पाळी आली त्या सकाळी मी मोरीत बसून रडले. मग सवयीने वहीत तारीख लिहिली आणि मागचं पान मोजलं. २९ दिवस. कॉलेजपासून पहिल्यांदा. त्या हिशेबाने पुढची तारीख काढून मी तिसऱ्या खेपेचं तिकीट एकच काढलं, खालच्या बर्थचं. परतीचं या वेळी नवऱ्याकडून दोनदा तपासून घेतलं.