श्वास सोडायला शिकताना

दम लागतो म्हणजे हवा आत जात नाही, असंच मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. जिन्याच्या अर्ध्यावर थांबायचो, तोंड उघडून भराभर हवा ओढायचो आणि धाप आणखी वाढायची. छाती काठोकाठ भरल्यासारखी वाटायची, तरी जीव हवेसाठी तडफडायचा. हे कोडं मला फुंकायच्या तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने उलगडलं.

त्या नळीत पूर्ण जोर लावून श्वास सोडायचा असतो, अगदी शेवटचा थेंब पिळल्यासारखा. एकूण जेवढी हवा बाहेर येते, तिच्यापैकी पहिल्या सेकंदात किती आली हे बघतात. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनसुद्धा हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिलं, तर तो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार, धरतात. माझं 54 आलं. डॉक्टरांनी कागदावर एक फुगा काढला आणि त्याचं तोंड चिमटीत धरल्यासारखं दाखवलं. "तुमची अडचण हवा घेण्यात नाही, सोडण्यात आहे. जुनी हवा आत अडकते, मग नवीला जागा उरत नाही." मी 29 वर्षं सिगारेट ओढली होती. त्या दिवसापासून सोडली. गेलेलं फुप्फुस त्याने परत येत नाही, पण घसरणीचा वेग कमी होतो आणि ते माझ्यासाठी पुरेसं होतं.

ओठांचा चंबू करून श्वास सोडणं मला फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं. नाकाने दोन आकडे मोजत घ्यायचा, ओठ शीळ घालताना असतात तसे करून चार आकडे मोजत सोडायचा. जोर अजिबात लावायचा नाही. बाहेर थोडा अडथळा ठेवला की आतल्या बारीक नळ्यांवर दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते. ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतं. मला मात्र यानेच जिना परत मिळवून दिला. पायरीवर पाय उचलताना सोडायचा, थांबून घ्यायचा. बुटाची नाडी बांधायला वाकतानाही तसंच, सोडत वाकायचं. वाकलं की पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला खालून दाबतं, त्यामुळे तिथे श्वास कोंडून धरला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. आंघोळ आता स्टुलावर बसून करतो. अंग पुसण्यात फार दम जातो, म्हणून जाड पंचाचा अंगरखा घालून नुसता बसून राहतो, पाणी आपोआप टिपलं जातं.

पंपाबद्दल, म्हणजे औषध श्वासातून ओढायच्या इनहेलरबद्दल, मात्र मला सांगायलाच हवं. माझा रोजचा पंप पावडरचा आहे आणि अडीअडचणीचा गॅसचा. पावडर जोरात आणि खोल ओढावी लागते, गॅसचा पंप सावकाश. मला पहिल्यांदा ज्यांनी पंप दिला, त्यांनी खोका हातात ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. सात महिने मी पावडर हळूच ओढत होतो. बरीचशी जिभेवर आणि घशातच राहत असणार. औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवायची वेळ आली, तेव्हा एका नर्सने "माझ्यासमोर घेऊन दाखवा" म्हटलं आणि चूक पकडली. तुमच्या घरी कुणी पंप घेत असेल तर दरवेळी डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला लावा. ओढल्यावर जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखायचा. पंपात स्टिरॉइड असेल तर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, व्यायामालाही गेलो. दम लागतो म्हणून बसून राहायचं, बसून राहिलं की पायांचे स्नायू झिजायचे, झिजलेल्या पायांना आणखी दम लागायचा. या फेऱ्यातून तिथेच बाहेर पडलो. सहा मिनिटांत आधी 270 मीटर चालायचो, शेवटी 335. फुप्फुसाचे आकडे तेच राहिले, पाय सुधारले.

गेल्या वर्षी एकदा बेडका पिवळाहिरवा झाला, दम दुप्पट झाला आणि मी तीन दिवस "उद्या बघू" करत काढले. पाच दिवस इस्पितळात राहावं लागलं. आता कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय: रंग बदलला, कफ वाढला किंवा दम वाढला तर त्याच दिवशी फोन. पाकिटात एक कार्डही असतं. माझ्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून मला ऑक्सिजन मोजूनच द्यायचा, रक्तातलं त्याचं प्रमाण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच. घाबरून कुणी तो पूर्ण जोरात सुरू केला तर मलाच धोका आहे, हे घरातल्या प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घेतलंय.

मी मराठीचा शिक्षक होतो. वर्गात लांबलचक वाक्य एका दमात वाचायचो. आता रात्री नातीला गोष्ट वाचून दाखवताना स्वल्पविराम मी स्वतःच्या सोयीने टाकतो, शब्दाच्या मध्येसुद्धा. ती माझ्या ओठांकडे बघत बसते. चंबू झाला की मनातल्या मनात चार मोजते, आणि मी मान हलवेपर्यंत पान उलटत नाही.