३७ अंशांना ठीक, ४२ अंशांना ढासळलेला रिसेप्टर

स्तनांची वाढ व्यवस्थित, पण पाळी आलेलीच नाही. गुणसूत्रं ४६ एक्सवाय, म्हणजे पुरुषांसारखी, जांघेत वृषणं, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांइतकं. अशा एका मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेला लेबिया मेजोराच्या (योनीच्या बाहेरच्या ओठांच्या) त्वचेचा तुकडा आमच्याकडे आला, तेव्हा शरीर अँड्रोजेनला, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांना, दाद देत नाही हे जवळपास नक्की होतं. अडतं नेमकं कुठे, ते त्या पेशींनाच विचारायचं होतं.

तुकडा जननेंद्रियाच्या भागातलाच लागतो. तिथल्या फायब्रोब्लास्टमध्ये (त्वचेच्या संयोजी ऊतीतल्या पेशींमध्ये) अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे हे संप्रेरक पकडणारं प्रथिन, भरपूर असतो आणि टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी हे अधिक प्रभावी रूप करणारं ५-अल्फा रिडक्टेज-२ हे विकरही असतं. दंडाच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशींमध्ये रिसेप्टर मुळातच कमी असतो. तिथला कमी आकडा आजाराचा म्हणून वाचला तर निदानच चुकतं.

तीन-चार मिलिमीटरचा तुकडा अँटिबायोटिक घातलेल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) आणतात, बारीक चिरून फ्लास्कच्या तळाला चिकटवतात आणि वर १० टक्के सीरमचं मीडियम अगदी बेताचं घालतात. जास्त झालं की तुकडे तरंगतात आणि काहीच उगवत नाही. आधी केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, पसरतात, मागून फायब्रोब्लास्ट निघतात. एक-दोनदा ट्रिप्सिन या विकराने पेशी सुट्या करून नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या (अशा प्रत्येक हलवण्याला पॅसेज म्हणतात) की फायब्रोब्लास्टच उरतात. प्रयोग सुरुवातीच्या पॅसेजांमध्येच करावा आणि त्याआधी मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी करावीच. तो संसर्ग डोळ्यांना दिसत नाही, पण आकडे बिघडवतो.

रिसेप्टर किती संप्रेरक धरतो ते मोजणाऱ्या बंधनाच्या चाचणीआधी २४ तास पेशी बिनसीरमच्या मीडियममध्ये ठेवल्या, कारण सीरममधली स्टेरॉइडं रिसेप्टरवर आधीच बसून राहतात. मग ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं मिबोलेरोन हे कृत्रिम अँड्रोजेन, २ नॅनोमोलर. डीएचटी वापरलं तर तासाभरात पेशीच त्याचं रूपांतर करू लागतात, मिबोलेरोन टिकतं. ते थोडं प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरवरही बसतं, म्हणून तो रिसेप्टर अडवायला सगळ्या डिशमध्ये ट्रायअ‍ॅम्सिनोलोन अ‍ॅसिटोनाइड घातलं. जोडीच्या डिशमध्ये बिनलेबलचं मिबोलेरोन २०० पट; ते रिसेप्टरच्या जागा अडवतं, त्यामुळे तिथे मोजलं जातं ते इतरत्र चिकटलेलंच. तासभराने थंडगार बफरने भराभर धुवायचं, पेशी अल्कलीत विरघळवायच्या, निम्मा भाग किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरला आणि निम्मा प्रथिन मोजायला. जोडीच्या डिशचा आकडा वजा केला की उरतं ते खरं बंधन. हा फरक फार लहान असतो: मिलिग्रॅम प्रथिनामागे २० फेमटोमोल बंधन असेल, तर २०० मायक्रोग्रॅम प्रथिनाच्या डिशमध्ये मिनिटाला काही शेच विघटनं होतात. त्यामुळे प्रत्येक नमुना दहा मिनिटं मोजावा लागतो. धुण्यात हात सैल पडला की सगळा फरक पार्श्वभूमीच्या चढउतारात बुडतो.

३७ अंशांचे आकडे हातात आले ते निरोगी नमुन्याच्या बरोबरीचे. रिसेप्टर आहे, संप्रेरक घेतोय, आणि तरी शरीर बधिर. इथे थांबलं असतं तर ‘रिसेप्टर ठीक, दोष पुढे कुठेतरी’ असा अहवाल गेला असता.

अशा वेळी त्याच पेशी तापवून पाहायच्या असतात. उष्णतेने ढासळणारा रिसेप्टर असलेल्या रुग्णाचं पहिलं वर्णन १९७९ मधलं आहे आणि ते याच प्रकारच्या पेशींवरचं आहे. आम्ही दोन्ही नमुन्यांच्या डिश एकाच वेळी ४२ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. काटा नव्हे, आतल्या पाण्यात बुडवलेला थर्मामीटर ४२ दाखवेपर्यंत संप्रेरक घातलं नाही. संध्याकाळी काउंटरचा कागद बाहेर आला: निरोगी पेशींचं बंधन जवळपास तसंच, मुलीच्या पेशींचं मात्र ३७ अंशांच्या पाव हिश्शाहून कमी.

पहिली शंका पेशी मेल्याची. ट्रायपॅन ब्लू या रंगाने निळ्या पडलेल्या, म्हणजे मेलेल्या, पेशी दोन्हीकडे तुरळक होत्या आणि डिशमागे प्रथिनही सारखंच होतं. म्हणजे पेशी शाबूत होत्या, रिसेप्टरच सैल होता.

याचा अर्थ ताप आल्याने हा आजार होतो असा नाही. ४२ अंश ही रिसेप्टरच्या घडणीची परीक्षा आहे. संप्रेरक ज्या खोबणीत बसतं तिच्या आसपासचं एखादं अमिनो आम्ल बदललं, तर खोबण ३७ अंशांना कशीबशी आकार धरते. शरीरात तेवढं पुरत नाही. जनुकं चालू करायची तर संप्रेरक घेतलेला रिसेप्टर डीएनएवर पुरेसा वेळ टिकावा लागतो. चाचणीतला तासभराचा आकडा ही उणीव लपवतो, उष्णता ती उघडी पाडते.

एक्स गुणसूत्रावरच्या या रिसेप्टरच्या जनुकाचे आठ एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) आहेत, आणि संप्रेरकाची खोबण ४ ते ८ मधून घडते. जनुकक्रम वाचायला नमुना पाठवला तेव्हा कुठे आधी पाहायचं ते कळवता आलं. आज जनुक आधीच वाचतात, तरी पेशींचं काम संपलेलं नाही: ज्या बदलाचा अर्थ लागत नाही तिथे, आणि जनुक निर्दोष असूनही प्रतिसाद नसतो तिथे, डीएचटी देऊन एपीओडी हे अँड्रोजेनने चालू होणारं जनुक किती जागं होतं ते याच फायब्रोब्लास्टमध्ये मोजतात. तेवढ्यासाठी उरलेल्या पेशी गोठताना पेशी वाचवणाऱ्या १० टक्के डीएमएसओमध्ये, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या.

अहवालात बंधनाच्या प्रत्येक आकड्यापुढे तापमान लिहिलं. आई वाहक असू शकते, त्यामुळे जनुकातला बदल सापडला की आई आणि मावश्यांची तपासणी, आधी समुपदेशन करून, सुचवली.