बामणोलीचं बंदर

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण बंदर आहे. बामणोलीला. दोरांनी बांधलेल्या लाँचेस, दर लिहिलेला फळा, लाइफ जॅकेटांचा ढीग, शेजारी कांदाभजीची कढई आणि 'पुढची बोट कधी?' असं दर पाच मिनिटांनी विचारणारे आपल्यासारखे लोक. पाणी खारं नाही एवढंच. आणि भरती-ओहोटी वर्षातून एकदाच: पावसाळ्यात भरती, उन्हाळ्यात ओहोटी. आम्ही गेलो ते ऐन ओहोटीत, मे महिन्यात.

मुलांना 'तंबूत झोपायचं' होतं. त्यासाठी पुणेकर साधारणपणे पवनेच्या काठी जातो. पण तिथे सुट्टीतल्या शनिवारी तंबू इतके खेटून असतात की शेजारचं घोरणं कोणत्या गावचं ते ओळखता येतं. म्हणून नवऱ्याने बामणोली काढली. कॅम्पिंग म्हणजे घर सोडून राहणं अशी एक समजूत आहे. आमचं घर डिकीत आलं. मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं, तांदूळ, सगळ्यांच्या चादरी, पत्त्यांचे दोन कॅट, सासूबाईंचं गुडघ्याचं तेल. सिंहगड रोडवरून निघून कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत चिवड्याचा डबा उघडलाही होता. सातारला कंदी पेढे घेतले, कारण न घेता पुढे गेलेला माणूस अजून ऐकिवात नाही.

यवतेश्वराचा घाट चढून कास लागतं. मे महिन्यातलं कास म्हणजे उन्हाने करपलेला कातळ. फुलांच्या चित्रांचा फलक होता आणि त्याच्या सावलीत एक म्हैस. "फुलं कुठायत?" लेकीने विचारलं. "सप्टेंबरात," नवरा म्हणाला आणि गाडी पुढे काढली.

उतार लागला की खाली अचानक पाणी दिसतं. कोयनेचा शिवसागर. १०३ मीटर उंचीचं धरण तिकडे दूर दक्षिणेला, पण पाण्याचा फुगवटा इकडे पार तापोळ्यापर्यंत. पूर्ण भरला तर १०५ टीएमसी. जावळीचं खोरं ते हेच. शाळेत चंद्रराव मोऱ्यांच्या धड्यात 'घनदाट अरण्य' म्हणून पाठ केलेलं. त्यातला सखल भाग साठच्या दशकात पाण्याखाली गेला. शेतं गेली, गावं गेली. काही माणसांना दुसरीकडे वसवलं, काही वरच्या अंगाला सरकली, बरीचशी मुंबईला माथाडीला गेली, आणि जी राहिली त्यांच्यातल्या काही शेतकऱ्यांचे नावाडी झाले.

आमचा तंबू 'पाण्याच्या अगदी काठावर' आहे असं फोनवर सांगितलं होतं. काठ होताच, पाणी मात्र खूप खाली उतरलं होतं. मधे नुसता तांबड्या मातीचा उतार, आणि त्यावर घंगाळात पाणी कमी होत जावं तशा एकाखाली एक रेघा. "एवढं पाणी जातं कुठं?" मुलाने विचारलं. नवरा इंजिनियर, त्यामुळे आमच्या घरात असा प्रश्न विचारताना जरा विचार करावा लागतो. कोयनेने खरं तर कराडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण तिच्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडे कोकणात सोडतात, तिथे पोफळीच्या बाजूला वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला. सगळा प्रकल्प मिळून जवळजवळ २,००० मेगावॅट.

रात्री तंबूत वाऱ्याचं नाव नव्हतं. सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे पंखे फिरावेत म्हणून इथलं पाणी घालवायचं, आणि मग आपणच इथे येऊन घामाघूम व्हायचं. छान आहे."

दुसऱ्या दिवशी करवंदं विकायला एक आजी आल्या. पळसाच्या पानांचे द्रोण टोपलीत मांडलेले. तंबूकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"पुण्याला घर न्हाय व्हय तुमचं?"

"आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"मग हितं मातीत का निजताय?"

"नातवंडांची हौस."

आजी हसल्या. "आमीबी निजलो व्हतो असं उघड्यावर. धरणाचं पाणी आलं तवा. पोर व्हते मी."

सासूबाईंनी त्यांना बसायला सतरंजी सरकवली. नारायण पेठेतलं त्यांचं माहेर १२ जुलै १९६१ ला पाण्यात गेलं होतं. पानशेत फुटलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या. वाड्याच्या माडीवरून कुणाच्या तरी खांद्यावर बसून बाहेर पडल्याचं त्या नेहमी सांगतात. आम्हाला ते पाठ आहे. आजींना नवीन होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिखल किती दिवस उपसला तेही विचारलं.

"मंग परत ग्येलासा न्हवं घरी?"

"गेलो ना. महिन्याभराने."

"तुमचं वसरलं," आजी म्हणाल्या. "आमचं न्हाय वसरलं." आणि करवंदांचा आणखी एक द्रोण सासूबाईंपुढे ठेवला. त्याचे पैसे घेईनात.

आजींची नातवंडं यात्रेसाठी नवी मुंबईहून आली होती. तासाभरात आमच्या मुलांशी गट्टी झाली. त्यांना तंबूचं वेड लागलं, आमच्या मुलांना त्यांच्या पडवीचं, कारण पडवीत दोरीची बाज होती आणि दारात फणस. संध्याकाळी वाटाघाटी होऊन अदलाबदल ठरली. पिठलं-भाकरी आणि खरडा सगळ्यांनी तिकडेच खाल्ला, सासूबाईही मग तिकडेच आडव्या झाल्या, आणि तंबूत नवी मुंबईची दोन पोरं रात्रभर टॉर्च मारत राहिली. मेतकुटाची बरणी न उघडता तशीच राहिली.

निघताना सासूबाईंनी कॅम्पवाल्या मुलाला गाठलं. "शेवटच्या रात्री आम्ही तुमच्या तंबूत झोपलोच नाही, त्या आजींकडे होतो. तेव्हा तेवढे पैसे कमी करा."

तो हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "ती माझीच आजी हाय. तिथलं येगळं लावू का?"